विंचेस्टर हाऊसमधलं भूत नेमकं कुणाचं?

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात, मॉल आणि रेस्टॉरंटच्या गजबजाटासमोर एक अवाढव्य लाकडी घर उभं आहे. सुमारे १६० खोल्या, दोन हजार दारं, सहा स्वयंपाकघरं. एक जिना वर जातो आणि थेट छताला टेकतो. वरच्या मजल्यावरचं एक दार उघडलं, तर पुढे ना खोली ना गॅलरी, खाली सरळ बाग. घराचं नाव 'विंचेस्टर मिस्टरी हाऊस'. तिकीट काढायचं, गाईडच्या मागे फिरायचं आणि गोष्ट ऐकायची.

गोष्ट अशी. सारा ही विंचेस्टर रायफल बनवणाऱ्या घराण्याची सून. तिची एकुलती एक मुलगी तान्ही असतानाच गेली, पुढे नवराही गेला. खचलेली सारा बॉस्टनमधल्या एका मृतात्म्यांशी बोलणाऱ्या माणसाकडे गेली. तो म्हणाला, "तुमच्या रायफलींनी मेलेल्या सगळ्यांचे आत्मे तुझ्या मागे लागलेत. पश्चिमेला जा, घर बांधायला घे आणि बांधतच राहा. हातोड्याचा आवाज थांबला, की तू मेलीस." म्हणून सारानं ३८ वर्षं, रात्रंदिवस, एकही दिवस न थांबता घर बांधलं. भुतांना चकवा बसावा म्हणून आंधळे जिने केले, कुठेच न जाणारी दारं बसवली. ती गेली त्या दिवशी सुतारांनी हातातले खिळे अर्धवट ठोकलेले सोडून दिले.

ऐकताना अंगावर काटा येतो. पैसे वसूल होतात. तेरा तारखेला शुक्रवार आला की रात्री टॉर्च घेऊन टूर होतात, हॅलोविनला खास कार्यक्रम असतो. २०१८ मध्ये यावर हेलन मिरनला घेऊन सिनेमाही निघाला.

अडचण एकच आहे. ही गोष्ट बहुतेक खरी नाही. आणि ती खरी नाही हे कळल्यावर जो प्रश्न उरतो, तो भुताच्या प्रश्नापेक्षा जास्त अवघड आहे.

वजाबाकीत न बसणारं भूत

आधी नक्की माहीत असलेल्या गोष्टी पाहू. सारा पार्डी ही कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवनची. १८६२ मध्ये तिचं विल्यम विंचेस्टरशी लग्न झालं. १८६६ मध्ये मुलगी झाली, ॲनी. अन्न अंगी न लागणाऱ्या आजारानं ती जेमतेम सहा आठवड्यांत गेली. पुढे मूल झालं नाही. डिसेंबर १८८० मध्ये कंपनीचे संस्थापक सासरे ऑलिव्हर विंचेस्टर वारले आणि मार्च १८८१ मध्ये क्षयानं नवरा गेला. साराच्या वाट्याला कंपनीचे भरपूर शेअर्स आले.

१८८६ मध्ये तिनं कॅलिफोर्नियात आठ खोल्यांचं एक शेतघर विकत घेतलं आणि वाढवायला घेतलं. ५ सप्टेंबर १९२२ ला ती वारली. आता साधी वजाबाकी करा. ३६ येतात. घर हातात नसतानाच त्याच्यावर हातोडा चालवला असेल, तर ३८ वर्षांचा हिशेब लागेल!

मेरी जो इग्नोफो या इतिहासकार बाईंनी २०१० मध्ये साराचं चरित्र प्रसिद्ध केलं. त्यांनी पत्रं, हिशेब, वकिलाचे कागद तपासले. बॉस्टनच्या त्या माणसाचा पुरावा सापडला नाही. काम अखंड चालू नव्हतं, कामगारांना सुट्टी देऊन सारानं ते थांबवल्याचे उल्लेख मिळतात. ती फक्त याच घरात कोंडून राहत होती असंही नाही. तिची त्या परिसरात आणखी घरं होती आणि १९०६ च्या भूकंपानंतर ती बराच काळ दुसरीकडेच राहिली. स्थानिक वर्तमानपत्रं १८९० च्या दशकातच 'या बाईला वाटतं, घर पूर्ण झालं की आपण मरू' छापाच्या अफवा छापत होती. साराचा स्वभाव अबोल. तिनं खुलासा केला नाही. तिची डायरीही मागे उरलेली नाही. रिकामी जागा दिसली की तिथे गोष्ट शिरते.

ती वारल्यावर घर एका जोडप्यानं भाड्यानं घेतलं आणि १९२३ मध्ये, म्हणजे वर्षही उलटायच्या आत, तिकीट लावून लोकांना दाखवायला सुरुवात केली. १९२४ मध्ये जादूगार हुदिनी येऊन गेला. शंभर वर्षं झाली, तिकीटखिडकी चालू आहे.

छताला टेकणारा जिना

पण मग त्या जिन्याचं काय? त्या दाराचं काय?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे दहा-बारा वर्षं जुना कोड हातात येतो. त्यात एखादी अट असते जी कधीच खरी होत नाही, एखादं फंक्शन असतं जे कुणीच वापरत नाही. नवीन आलेला मुलगा पहिल्या दिवशी विचारतो, "हे कुठल्या वेड्यानं लिहिलंय?" मग कुणीतरी जुना इतिहास उघडतं. कळतं की एकेकाळी वरती एक अख्खं मॉड्यूल होतं. ते काढून टाकलं गेलं, त्याच्याकडे जाणारा रस्ता मात्र राहिला. लिहिणारा वेडा नव्हता. त्याचं अर्धं काम आपल्याला दिसत नाहीये, इतकंच.

विंचेस्टर हाऊसचं बरंचसं असंच आहे. १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे सॅन फ्रान्सिस्कोला उद्ध्वस्त करणारा भूकंप झाला, त्यात हे घरही हादरलं. सात मजली उंच मनोरा कोसळला, वरचे मजले पडले. सारानं ते पुन्हा बांधले नाहीत. पडलेलं साफ केलं आणि उरलेलं बंद करून टाकलं. वरचा मजला गेला की जिना छतालाच टेकणार. बाहेरची गॅलरी गेली की दार हवेतच उघडणार.

आणखी एक जिना आहे, त्याची तर खास ख्याती. ४४ पायऱ्या, सात वळणं आणि चढ किती, तर जेमतेम नऊ फूट. एकेक पायरी दोन इंचांची. गोष्टीत हा जिना भुतांना दमवण्यासाठी आहे. माझे आई-बाबा भारतातून आले होते तेव्हा आम्ही ते घर पाहायला गेलो. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. एरवी ते जिना दिसला की आधी कठडा शोधतात. या ४४ पायऱ्या ते न थांबता चढले आणि वर जाऊन म्हणाले, "भुतांसाठी कशाला? ह्या तर माझ्यासाठी केल्यात."

साराला संधिवात होता. हातपाय वाकडे होत चालले होते. दोन इंचांच्या पायऱ्यांचं कारण तिच्या सांध्यांत होतं. घरात अशा बऱ्याच डोकेबाज गोष्टी आहेत. झाडांच्या खोलीची जमीन अशी केलीय, की कुंड्यांना घातलेलं जास्तीचं पाणी खाली बागेत निघून जावं. हे वेडेपणाचं लक्षण म्हणायचं, की बांधकामाची आवड असलेल्या आणि हातात पैसा असलेल्या बाईचं? एकोणिसाव्या शतकातली बाई आर्किटेक्ट व्हायला सहजासहजी जाऊ शकत नव्हती. स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशानं प्रयोग करणं तिला शक्य होतं. ते तिनं केलं.

मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?

इथे एक सरळ आक्षेप येतो. सारा जाऊन शंभर वर्षं झाली. तिला ना मूल, ना नातवंडं. तिच्याबद्दल चार भुताच्या गोष्टी सांगितल्या तर कुणाचं काय बिघडलं? दुखवलं जायला माणूस असावं लागतं. माणूसच नाही, तर दुखापत कुणाला?

तर्क म्हणून हे पटतं. वागण्यात मात्र आपण कुणीच तसं मानत नाही. आजोबांनी मृत्युपत्रात लिहिलेलं आपण पाळतो, ते तपासायला येणार नाहीत हे ठाऊक असूनही. गेलेल्या मित्राबद्दल कुणी खोटं बोलू लागलं तर आपण मध्ये तोंड घालतो. मेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही, म्हणूनच ती जबाबदारी मागच्यांवर जास्त पडते असं आपण धरून चालतो.

त्यातही साराच्या गोष्टीत वापरलंय काय, तर सहा आठवड्यांचं गेलेलं मूल आणि क्षयानं गेलेला नवरा. ही दोन्ही दुःखं खरी आहेत. गोष्ट त्यांना भुतांच्या सिनेमाचा पहिला सीन करून टाकते. तिनं नवऱ्यासाठी खरोखर काय केलं? क्षयाच्या रुग्णांसाठी न्यू हेवनच्या हॉस्पिटलला दहा लाख डॉलरहून अधिक देणगी दिली. विल्यम विंचेस्टरच्या नावाचं ते रुग्णालय १९१८ मध्ये उभं राहिलं आणि आधी पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या उपचारांसाठी वापरलं गेलं. दुःखाचं तिनं काय केलं याचा एवढा मोठा, विटांचा पुरावा आहे. त्याचं रील कुणी करत नाही.

आता आक्षेपाची दुसरी बाजूही मांडायला हवी, कारण ती पोकळ नाही. भुताची गोष्ट नसती तर हे घर टिकलं असतं का? एकेकाळी भोवती फळबागा होत्या, आज सिलिकॉन व्हॅलीतली सोन्याच्या भावाची जमीन आहे. एका विधवेनं हौसेनं वाढवलेलं, भूकंपात अर्धं पडलेलं लाकडी घर तिथे फक्त 'स्थापत्यातला प्रयोग' म्हणून कुणी शंभर वर्षं राखलं असतं असं मला वाटत नाही. भुतांनी तिकिटं विकली, तिकिटांनी छप्पर दुरुस्त केलं. साराची बदनामी करणाऱ्या गोष्टीनंच साराचं घर वाचवलं. आज आपण त्या दोन इंचांच्या पायऱ्या चढून तिचं डोकं ओळखू शकतो, तेही त्या खोट्याच्या जिवावर.

म्हणून 'भुताच्या टूर बंद करा' असं मी म्हणणार नाही. गोष्ट ऐकावी, घाबरावं, मजा घ्यावी. माझी तक्रार वेगळी आहे. या गोष्टीत साराची बदनामी होते हा तिचा लहान दोष. मोठा दोष हा, की ती एका खऱ्या प्रश्नाला झाकून टाकते.

भुतं निवडक असतात

रायफलीनं मेलेल्यांचे आत्मे सूड घ्यायला आले, असं क्षणभर धरून चालू. मग ते साराकडेच का गेले?

रायफल तिनं बनवली नाही. कारखाना तिनं चालवला नाही. सासरे ऑलिव्हर विंचेस्टर यांनी कंपनी काढली, चालवली, वाढवली आणि ते वयोवृद्ध होऊन गेले. त्यांच्या घरात भूत नाही. त्यांचे जावई थॉमस बेनेट पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले, वर्षानुवर्षं बंदुकांचे सौदे त्यांच्या सहीनं झाले. त्यांच्या घराचीही तिकिटं कुणी विकत नाही. १८७३ चं प्रसिद्ध मॉडेल सात लाखांहून अधिक विकलं गेलं. ते विकणारे दुकानदार, विकत घेणारे, चाप ओढणारे, या सगळ्यांना आत्म्यांनी सोडून दिलं आणि नेमकी एक एकटी, आजारी, मूल नसलेली विधवा धरली.

गोष्टीतली भुतंसुद्धा निवडक आहेत. ती नेहमी अमेरिकन पश्चिमेतली असतात. प्रत्यक्षात कंपनीचा मोठा धंदा परदेशी सैन्यांशीही होता. तुर्कस्ताननं हजारो विंचेस्टर घेतल्या आणि १८७७ मध्ये प्लेव्हनाच्या वेढ्यात त्या रशियन सैनिकांवर चालवल्या. अमेरिकेत १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत तर मूळनिवासी लढवय्यांच्या हातातही या रायफली होत्या. बंदुकीचा हिशेब इतका गुंतागुंतीचा असतो. भूत तो सोपा करून देतं. एक शाप, एक बाई, एक घर. ऐकणारा सुटला.

हे आपल्याला नवीन नाही. पुण्यात शनिवारवाड्यासमोर उभं राहिलं की कुणीतरी पौर्णिमेच्या रात्री ऐकू येणारी "काका, मला वाचवा" ही हाक सांगतंच. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्याचा खून झाला, वय अवघं अठरा. गादीवर हक्क सांगणारा काका पुरुष, पैशासाठी तलवार चालवणारे गारदी पुरुष. पण लोकांच्या तोंडी राहिली ती 'धरावे'चं 'मारावे' करणारी आनंदीबाई. 'ध'चा 'मा' ही तर म्हणच झाली. तिचा हात होता की नव्हता यावर वाद घालता येईल. रामशास्त्र्यांनी मात्र बोट रघुनाथरावाकडे दाखवलं होतं, आणि ते सत्तेवर असताना दाखवलं होतं. भुताच्या गोष्टीत रामशास्त्री येत नाहीत. तिथे फक्त हाक आणि ते एक अक्षर. सत्तेसाठी घरातल्या घरात खून कसा शिजतो, त्याला कोण गप्प राहून मदत करतं, हे हाक ऐकणाऱ्याला विचारावंच लागत नाही.

भूत काढल्यावर उरणारा हिशेब

इथवर आलो की थांबावंसं वाटतं. सारा वेडी नव्हती, अपराधी नव्हती, गोष्ट खोटी होती, पुरुषांनी बाईवर ढकललं. निकाल लागला.

मला हा निकाल अर्धवट वाटतो. इतिहासकारांनी दाखवलं ते एवढंच, की साराला अपराधी वाटत होतं याचा पुरावा नाही. पण अपराधी न वाटणं आणि जबाबदारी नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिचं घर, बाग, ते हॉस्पिटलसुद्धा, पैसा बंदुकीचाच होता. शेअर्स तिनं जवळ ठेवले. लाभांश येत राहिला. भूत काढून टाकलं तर हा प्रश्न जात नाही, उलट पहिल्यांदा नीट दिसतो. जे मी केलं नाही, पण ज्याचे पैसे मला मिळतात, त्याचं मी काय देणं लागतो?

हा प्रश्न मला साराच्या घरात चिकटला, कारण मलाही पगाराचा एक भाग शेअर्समध्ये मिळतो. माझ्या वयाच्या कितीतरी जणांना मिळतो. आपण दिवसभर एका छोट्या तुकड्यावर काम करतो. बटणाचा रंग, एखादी क्वेरी, सूचनांची वेळ. त्या सगळ्यांचं मिळून जे तयार होतं ते दूर कुणाच्या तरी आयुष्यात जाऊन पडतं. कधी त्यानं कुणाला वेळेवर कर्ज मिळतं, कधी कुणी वसुलीच्या फोनांनी बेजार होतं. चाप आपण ओढत नाही. आपल्याला तिमाहीचा आकडा दिसतो.

'मी त्या क्षेत्रात नाही' असंही म्हणता येत नाही. निफ्टीच्या इंडेक्स फंडात पाचशे रुपयांची एसआयपी असेल, तर सिगारेटी बनवणाऱ्या कंपनीचा एक बारीकसा तुकडा तुमचाही आहे. तो तुम्ही मुद्दाम निवडला नाही. सारानंही रायफल निवडली नव्हती. तिनं लग्न केलं होतं.

मग काय करायचं? सगळे शेअर्स विकून साधू व्हायचं? मी विकलेले नाहीत, आणि विकल्यानं प्रश्न सुटतो असंही मला वाटत नाही. मी विकले की कुणीतरी घेतो, कंपनी तीच राहते. दान करायचं? सारानं केलं, आणि त्याचं मोल कमी लेखू नये. क्षयाच्या रुग्णाला खाट मिळते तेव्हा पैसा कुठून आला हे तो विचारत नाही. तरीही दान म्हणजे हिशेब मिटवणं नव्हे. ज्याचं नुकसान झालं तो एक आणि ज्याला दान मिळालं तो दुसराच, असं असेल तर खातं जुळत नाही.

मला आज जेवढं दिसतं ते थोडं आणि कंटाळवाणं आहे. पैसा कुठून येतो हे माहीत करून घेणं, आणि माहीत झाल्यावर त्या साखळीत जिथे आपला हात पोचतो तिथे बोलणं. शेअरधारकाकडे निदान मत असतं. कोड लिहिणाऱ्याकडे मीटिंगमध्ये 'हे नोटिफिकेशन रात्री अकराला कशासाठी?' असं विचारण्याची जागा असते. ही जागा लहान आहे, पण आहे. साराच्या काळातल्या बाईला कंपनीच्या मीटिंगमध्ये जितकं ऐकलं गेलं असतं, त्यापेक्षा मला नक्कीच जास्त ऐकलं जातं. म्हणजे तिच्यापेक्षा माझी सबब कमजोर आहे.

भुताची गोष्ट आपल्याला आवडते, कारण तिच्यात हिशेब आपोआप होतो. पाप करणाऱ्याला झोप लागत नाही, भिंतीतून आवाज येतात, घर पूर्ण होत नाही. प्रत्यक्षात असं काही घडत नाही. बंदुकीच्या, सिगारेटीच्या, वसुलीच्या पैशावर माणसं छान झोपतात. कुणी मध्यरात्री दार वाजवत नाही. आणि म्हणूनच, कुणी वाजवणार नसेल तर उठून दार आपल्यालाच उघडावं लागतं.

तेव्हा सॅन होजेला जा, शनिवारवाड्यात जा, नाहीतर गावातल्या त्या पडक्या वाड्यात, ज्याच्याबद्दल आजी दबक्या आवाजात बोलायची. गोष्ट पूर्ण ऐका. मग गाईडला दोन साधे प्रश्न विचारा. हे बांधायला पैसा कुठून आला? आणि भूत नेमकं याच माणसाच्या मागे का लागलं, बाकीचे कसे सुटले? उत्तर बहुतेक वेळा मिळणार नाही. पण गटातल्या बाकीच्यांच्या कानावर प्रश्न पडलेला असेल, आणि पुढच्या खोलीत सगळेच जण थोडं वेगळं बघायला लागतील.